नादारीची लाज सोडा, पण अर्ज डोळे उघडून करा



कापसाच्या पट्ट्यातल्या एका गावात पारावर बैठक चालली होती. विषय थकलेल्या कर्जाचा. नोटिसा आल्या होत्या, वसुलीवाले येऊन गेले होते. कार्यकर्त्याने सांगितले की कर्ज फिटणे अशक्य झाले तर माणसाला कोर्टात जाऊन तसे सांगता येते, त्यासाठी नादारीचा कायदा आहे. तेव्हा मागे बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "भाऊ, मी नादार झालो तं माह्या पोरीले कोन मागन?"

पारावर कोणी काही बोलले नाही. त्या एका प्रश्नात आपले सगळे दुखणे आहे. भाव मिळाला नाही, पाऊस आला नाही, बोंडअळीने बोंडे पोखरली, हे सगळे शेतकरी उघड सांगतो. पण "मी आता फेडू शकत नाही" हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. ते न निघाल्यामुळे तो सोसायटीचे भरायला सावकाराकडे जातो, सावकाराचे भरायला फायनान्सवाल्याकडे जातो, आणि शेवटी दोर तुटेपर्यंत ताणतो. या लेखात त्या एका वाक्याबद्दल बोलायचे आहे. ते कोर्टासमोर कसे बोलायचे, बोलल्याने काय सुटते, काय सुटत नाही, आणि ते बोलण्याची सोय सरकारने आपल्यासाठी का करून ठेवलेली नाही.

लाज कोणाला, आणि कोणाला नाही

कारखाना बुडाला की त्याचा मालक गळ्यात उपरणे टाकून गावोगाव माफी मागत फिरतो काय? नाही. तो वकील लावतो. २०१६ साली दिल्लीच्या सरकारने नादारी आणि दिवाळखोरीची नवी संहिता केली. कंपन्यांची बुडीत प्रकरणे तिच्याखाली न्यायाधिकरणापुढे जातात. जी निकाली निघतात, त्यांत देणेकऱ्यांना मान्य झालेल्या दाव्यांच्या साधारण एक तृतीयांश रक्कम हाती येते, हे नादारी मंडळाचेच आकडे सांगतात. रुपयातले दहा आणे सोडून दिले जातात. सोडणाऱ्यांत त्याच बँका असतात, ज्यांचा साहेब तुमच्या ऐंशी हजारांसाठी दारात जीप उभी करतो. कारखान्याच्या बाबतीत त्याला 'तोडगा' म्हणतात आणि शेतकऱ्याच्या बाबतीत 'कर्जबुडवेपणा'. एकच गोष्ट, पण दोन शब्द. आणि त्या दोन शब्दांत आपला माणूस मरतो.

धंद्यात नुकसान झाले तर फेडता येईल तेवढे फेडावे आणि उरलेल्यातून सुटून पुन्हा उभे राहावे, ही रीत जगभरच्या व्यापाराने मान्य केली आहे. शेती हाही धंदाच आहे. इतर धंदेवाला आपल्या मालाचा भाव स्वतः ठरवतो, आपला भाव दुसरे ठरवतात. २०२५ साली कापूस घरात यायच्या तोंडावर, ऑगस्ट महिन्यात, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या निर्णयावर कोरडवाहू शेतकऱ्याची सही होती काय? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस खाल्ला. ते बियाणे शेतकऱ्याने प्रयोगशाळेत तयार केले होते काय? मग बुडाल्याची लाज एकट्या शेतकऱ्याने का वाहायची?

आपल्या आजोबा-पणजोबांना ही लाज नव्हती

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. इंग्रज सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपासून तो सुरू झाला. त्या कायद्यात काय होते ते नीट ऐका. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करायची नाही. जी जमीन खास गहाण लिहून दिलेली नाही, ती साध्या हुकूमनाम्यात जप्त करायची नाही की विकायची नाही. कोर्टाने रोख्यावरचा आकडा डोळे मिटून मानायचा नाही. व्यवहार मुळापासून तपासायचा. आणि शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्यासाठी त्यात स्वतंत्र प्रकरणच होते.

तो कायदा पुढे गेला. आज जो कायदा आपल्यासाठी उरला आहे त्यात न गहाणलेल्या जमिनीलाही ते संरक्षण नाही. म्हणजे गोऱ्या साहेबाने दंग्याला भिऊन जेवढे दिले होते, तेवढेही आज आपल्या पदरात नाही. हे पुढाऱ्यांना विचारायला हवे, आणि विचारण्याआधी आपल्याला माहीत हवे.

आजचा कायदा काय आहे

मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. बाकी महाराष्ट्रातल्या सामान्य माणसासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. २०१६ च्या संहितेने हे दोन्ही कायदे रद्द करण्याचे कलम लिहून ठेवले, पण ते कलम अमलात आणले नाही. संहितेचा व्यक्तींसाठी असलेला भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्या बड्या मंडळींपुरता. शेतकरी, शेतमजूर, टपरीवाला यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा राहिला.

त्या कायद्याप्रमाणे जो माणूस आपली देणी फेडू शकत नाही, तो स्वतः अर्ज करू शकतो. अट अशी की देणे ५०० रुपयांपर्यंत तरी असावे. किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात त्याला अटक झालेली असावी. किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम निघालेला असावा. तिन्हींपैकी एक पुरे. ५०० चा आकडा १९२० चा आहे, त्यामुळे आज तो सगळ्यांनाच लागू पडतो. जिल्हा न्यायालय किंवा ज्या खालच्या कोर्टाला हा अधिकार दिला असेल ते कोर्ट, अशा ठिकाणी अर्ज होतो. तुम्ही जिथे राहता किंवा कसता, तिथले कोर्ट.

अर्ज केला म्हणजे लगेच सगळे थांबले असे नाही. कोर्ट तारीख लावते, सगळ्या देणेकऱ्यांना कळवते, तुम्हाला विचारते. मग 'नादार' ठरवण्याचा हुकूम होतो. त्या हुकुमानंतर विनातारण देणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो. तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, ती विकून देणेकऱ्यांना हिश्शाने वाटली जाते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत तुम्ही दुसरा अर्ज करायचा असतो, मुक्ततेचा. ती मुक्तता मिळाली की राहिलेली देणी सुटतात.

हे दोन टप्पे लक्षात ठेवा. पहिला हुकूम मिळाला की लोक पेढे वाटतात आणि मुक्ततेचा अर्ज करायचा विसरतात. मुदतीत अर्ज केला नाही तर पहिला हुकूमच रद्द होऊ शकतो, आणि सगळे देणेकरी पुन्हा दारात.

काय वाचते आणि काय वाचत नाही

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त करता येत नाहीत अशा गोष्टींची यादी आहे. नादारीतही तीच यादी लागू आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. शेतकऱ्याची औते-अवजारे. पोट भरण्यापुरती कोर्टाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे आणि बियाणे. शेतकऱ्याचे आणि मजुराचे राहते घर, त्याच्या जागेसह. आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसे. वसुलीवाला बैलजोडी सोडून नेण्याची धमकी देईल, घराला कुलूप लावतो म्हणेल, तेव्हा ही यादी त्याच्यापुढे ठेवा.

पण या यादीत शेतजमीन नाही, हे कटू सत्य लपवून कोणाचे भले होणार नाही. नादार ठरलात की तुमच्या नावची न गहाणलेली जमीन रिसीव्हरकडे जाते. मुक्तता मिळेपर्यंत जे नवे तुमच्या नावे येईल, वडिलोपार्जित वाटा असो की आणखी काही, तेही त्यातच जाते. आणि जी जमीन बँकेला किंवा सोसायटीला गहाण आहे, तिच्यावरचा तारणदाराचा हक्क नादारीने थांबत नाही. तो आपले तारण वसूल करू शकतो.

म्हणून उघड सांगतो. ज्याच्याकडे पाच एकर मोकळी जमीन आहे आणि देणे त्या जमिनीच्या किमतीपेक्षा कमी आहे, त्याने नादारीचा अर्ज करणे म्हणजे पायावर कुऱ्हाड मारून घेणे आहे. ज्याची जमीन गेलीच आहे किंवा नावावर नाही, जो ठोक्याने-बटाईने कसतो, ज्याचे देणे कृषी केंद्राचे, हातउसन्याचे, फायनान्सचे, विनातारण आहे आणि ते सात जन्मात फिटणारे नाही, त्याच्यासाठी ही वाट खरी आहे. जो बाकीच्यांना 'सगळ्यांनी नादारी करा, कर्ज साफ' असे सांगत फिरतो आणि माणशी पैसे घेतो, त्याला गावात उभे करू नका.

आणखी चार गोष्टी सुटत नाहीत. सरकारचे देणे सुटत नाही. फसवणूक करून काढलेले कर्ज सुटत नाही. बायको-मुलांच्या पोटगीचे कोर्टाचे हुकूम सुटत नाहीत. आणि वटला नाही अशा चेकचा फौजदारी खटला नादारीने थांबत नाही. म्हणून कृषी केंद्रवाल्याला, फायनान्सवाल्याला कोरा चेक सही करून देऊ नका. चेक परत गेल्याची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलाला दाखवा. ती पेटीत ठेवून देऊ नका.

जामीनदाराचे काय?

गावात मी तुला जामीन, तू मला जामीन, असे चालते. सोसायटीच्या कागदावर शेजाऱ्याची सही असते. नादारीतून तुम्ही मुक्त झालात तरी जामीनदार मुक्त होत नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. तुमच्या सुटकेचा बोजा चुलत भावाच्या सातबाऱ्यावर पडला तर ती सुटका कसली? अर्ज करण्याआधी जामीनदाराला घरी बोलवा, त्याच्या समोर कागद मांडा. चोरून अर्ज केलात तर गावात कायमचे वैर होईल, आणि पुढच्या वेळी कोणी कोणाला जामीन राहणार नाही.

आधी हिशेब, मग अर्ज

भावांनो, आपल्यापैकी बहुतेकांना आपण नेमके किती देणे लागतो हे ठाऊक नसते. देणेकरी सांगेल तो आकडा आपण मानतो. एक उदाहरण घ्या. समजा एका शेतकऱ्याकडे सावकाराचे २ लाख आहेत, महिना शेकडा ५ ने. म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार नुसते व्याज. राज्य सरकारने २०१४ साली शेतकऱ्यासाठी सावकारी व्याजाचे दर ठरवले: तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. म्हणजे कायद्याने फार तर २४ हजार. दरवर्षी ९६ हजार रुपये तो कायद्याबाहेर देत होता. असा माणूस नादार नाही, लुबाडलेला आहे. त्याने नादारीच्या कोर्टात जाण्याआधी सावकारीची तक्रार करायला हवी.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, चौकशीनंतर परत करण्याचा हुकूम जिल्हा उपनिबंधक देऊ शकतो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडेही देता येतो. 'खरेदीखत झाले, आता काय उपयोग' असे म्हणून गप्प बसलेले शेकडो लोक असतील. त्यांनी आपली कागदपत्रे बाहेर काढावीत.

सोसायटीच्या बाबतीत दामदुपटीचा नियम आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४४-अ प्रमाणे शेतीकर्जावर मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. ५० हजारांचे मुद्दल आणि ९० हजारांचे व्याज अशी नोटीस आली तर खात्याचा उतारा मागा आणि लेखी हरकत घ्या.

राष्ट्रीयीकृत बँक 'सरफेसी लावून जमीन घेतो' अशी भीती घालते. २००२ चा तो कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू नाही, त्याच्याच कलम ३१ मध्ये तसे लिहिले आहे. बँकेला कोर्टाचा रस्ता धरावा लागतो, आणि कोर्टात तुम्हाला बोलता येते. बचत गटांच्या बायांना रात्री-अपरात्री दमदाटी करणाऱ्या सूक्ष्म कर्जवाल्यांना रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी बांधले आहे: सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी यायचे नाही, फोन करायचा नाही, आणि या कर्जाला तारण घ्यायचे नाही.

आणि तुरुंगाची भीती. पैसे नाहीत एवढ्याच कारणावरून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही. असून देत नाही अशी लबाडी दाखवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच हे सांगितले आहे.

अर्ज कसा, आणि मदत कुठे

हिशेब तपासूनही देणे फिटणारे नाही असे दिसले तर पुढची तयारी करा. अर्जात लिहायचे ते असे: मी देणी फेडू शकत नाही. देणेकऱ्यांची नावे, गावे आणि प्रत्येकाचे देणे. माझ्याकडची सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे. कायद्याने सुटलेली सोडून बाकी मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात देण्याची तयारी. पूर्वी असा अर्ज केला होता का. एकही देणेकरी विसरू नका, मग तो सख्खा मेव्हणा असला तरी.

काही लपवू नका. मालमत्ता लपवणे हा या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. 'वकिलाने सांगितले जमीन बायकोच्या नावावर कर, मग अर्ज कर' असे कोणी म्हणाले तर त्या वकिलाला नमस्कार करून बाहेर या. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता कोर्ट परत आणू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकते माप देऊन पैसे चुकवले असतील तर तेही उलटू शकते. नादार असताना ५० रुपये किंवा त्याहून जास्त उसने घ्यायचे तर 'मी नादार आहे' हे सांगावे लागते. मुक्तता होईपर्यंत पंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही.

मुक्ततेच्या वेळी कोर्ट विचारते: विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणे तरी मालमत्ता निघाली का? नसेल तर पूर्ण मुक्तता नाकारायची, असे कलम ४२ म्हणते. पण त्यातच पुढे म्हटले आहे की ज्या परिस्थितीला तो माणूस न्यायाने जबाबदार धरता येत नाही अशा परिस्थितीमुळे हे झाले असेल, तर हरकत नाही. भावांनो, कोरडवाहू शेतकऱ्याची सगळी कैफियत या एका वाक्यात बसते. पण ती पुराव्याने मांडावी लागते. म्हणून पैसेवारी ५० पैशांच्या आत आल्याचा दाखला, पीक नुकसानीचा पंचनामा, सातबारा आणि आठ-अ, पीकपेरा, कापूस-ज्वारी विकल्याच्या पट्ट्या, कृषी केंद्राची बिले, दवाखान्याची बिले, सोसायटीचा खातेउतारा, हे सगळे एका पिशवीत ठेवा. एक साधी वही घाला आणि बियाण्यापासून वेचणीच्या मजुरीपर्यंत रोज लिहा. हिशेब ठेवला नाही, उधळपट्टी केली, जुगार खेळला, हे आक्षेपही कोर्टात येतात. त्यांना तुमची वही उत्तर देईल.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, हे कारण आता सांगू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील मिळतो. सगळ्या स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि ठरलेल्या उत्पन्नाच्या आतले सगळे त्याला पात्र आहेत. आणि त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये पूर आणि दुष्काळ यांत सापडलेले लोकही आहेत. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक आहे. लोकअदालतीत तडजोडीला बोलावले तर जा, पण समजल्याशिवाय सही करू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तडजोड झाली, पैसे भरले, की बेबाकीचा दाखला घ्या आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या.

नवा कायदा कुलपात

आता सरकारला जाब. २०१६ च्या संहितेत गरीब कर्जदारासाठी 'नवी सुरुवात' नावाचे प्रकरण आहे. कोर्टकचेरीच्या फेऱ्या कमी, लहान देणी माफ. ऐकायला बरे वाटते. पण अटी पाहा. वर्षाचे उत्पन्न ६० हजारांच्या वर नको. मालमत्ता २० हजारांच्या वर नको. देणे ३५ हजारांच्या वर नको, तेही विनातारण. आणि राहते घर स्वतःच्या मालकीचे नको, मग ते गहाण असले तरी नको. मातीच्या भिंती आणि टिनाचे छप्पर असलेला माणूसही बाद! दिल्लीत बसून हे आकडे लिहिणाऱ्याने एक एकर कापसाचा खर्च कधी मांडून पाहिला असेल असे वाटत नाही. आणि एवढे करूनही ते प्रकरण शेतकऱ्यासाठी सुरूच केले नाही. कंपन्यांसाठीचे दार त्याच वर्षी उघडले. आपल्यासाठीच्या दाराला कुलूप.

त्याऐवजी दर काही वर्षांनी कर्जमाफी येते. १९९० साली आली. २००८ साली आली, तेव्हा संपूर्ण माफी पाच एकरांच्या आत आणि वरच्याला फक्त एक चतुर्थांश सूट, तीही बाकीचे भरल्यावर. आठ एकर मुरमाड जमीन असलेला कोरडवाहू शेतकरी 'मोठा' ठरला. २०१७ साली दीड लाखाची मर्यादा, २०१९ साली दोन लाखांची आणि कर्जाच्या तारखांची. प्रत्येक वेळी कोणी रेषेच्या आत, कोणी बाहेर. कर्जमाफी ही मंत्र्याच्या मर्जीने मिळते, निवडणुकीच्या हंगामात मिळते आणि रांगेत उभे राहून मिळते. नादारीतून सुटका हा हक्क आहे. त्याला मर्जी लागत नाही, पुरावा लागतो. माफी नको असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या धोरणाने हे कर्ज झाले त्यांनी ते फेडलेच पाहिजे. पण माफीची वाट पाहत हक्क विसरणे परवडणारे नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव मांडा. एक, व्यक्तींसाठीचे नादारीचे प्रकरण लागू करा आणि त्यातल्या उत्पन्नाच्या, देण्याच्या मर्यादा शेतीच्या खर्चाप्रमाणे वाढवा. दोन, राहत्या घराची अट काढा. तीन, पोटापुरती कोरडवाहू जमीन जप्तीतून वगळा. १८७९ साली न गहाणलेल्या जमिनीला संरक्षण मिळू शकले तर आज का नाही? चार, तालुक्याच्या विधी सेवा समितीत आठवड्यातला एक दिवस शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कागदांसाठी ठेवा.

आणि ठरावाची वाट न पाहता प्रत्येक गावात एवढे करा. लिहिता-वाचता येणारी दोन पोरे बसवा. ज्याला नोटीस आली त्याने ती त्यांच्याकडे आणावी. कोणाचे किती, व्याज किती, तारण कोणते, जामीन कोण, एवढे एका कागदावर मांडा. निम्मी भीती त्या कागदावरच उतरते.

शेवटी एक जिवाभावाची गोष्ट. माणूस गेला म्हणून कर्ज जात नाही. ते त्याच्या जमिनीवर राहते आणि बायको-पोरे कोर्टाच्या पायऱ्या चढतात. वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतेच ते देणे लागते, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर नाही, हेही त्यांना कोणी सांगत नाही. जिवंत माणूस अर्ज करू शकतो, हिशेब मागू शकतो, तारीख घेऊ शकतो, भांडू शकतो. मन फार खचले असेल तर शेजाऱ्याला सांगा, कार्यकर्त्याला सांगा, १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. रात्र एकट्याने काढू नका.

त्या म्हाताऱ्याला पारावर उत्तर दिले ते एका बाईने. ती म्हणाली, "बाबा, पोरीले मागाले येनारा मानूस तुमचा सातबारा पाहून येत असन तं तो नको आपल्याले. बाप जित्ता हाय हे पाहून येनारा पाहू."

पुढच्या बैठकीला येताना कागदांची पिशवी घेऊन या.